समुद्रातला एवढासा खडक आणि त्यावरची बत्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किनाऱ्यावरून बघताना पाण्यात एक काळा ठिपका दिसतो, अंधार पडला की तिथून उजेड येतो, जातो, परत येतो. तो बघून लोक जे विचारतात ते सगळं इथे एका जागी आणलंय. बोटीवर रात्रीचा पहारा करताना अशा बत्त्यांवर बरीच भिस्त ठेवलीय, त्यामुळे काही उत्तरं लांबलीत.

एवढ्याशा खडकावर बत्ती कशाला? तिथे तर कोणी राहत पण नाही.

कोणी राहत नाही म्हणूनच लागते. वस्तीचं बेट असेल तर घरांचे दिवे असतात, डोंगर असेल तर आभाळावर त्याची काळी कड तरी दिसते, पण पाण्याच्या वर दोन-चार मीटर डोकं काढलेला खडक काळोखात अजिबात दिसत नाही. लाटा उसळत असल्या की रडारवर पण तो लाटांच्या ठिपक्यांत मिसळून जातो. आणि असे खडक बऱ्याचदा खोल पाण्यातून भिंतीसारखे सरळ वर आलेले असतात, म्हणजे खोली मोजणारं यंत्र "पाणी कमी झालं" असं सांगेपर्यंत वळायला जागा उरलेली नसते. शिवाय वर दिसतो तेवढाच खडक नसतो, आजूबाजूला पाण्याखाली त्याचे सुळके पसरलेले असतात आणि जास्त बोटी फुटतात त्या तिथेच.

मग बत्ती दिसली तर तिकडे जायचं की लांब राहायचं?

नकाशा बघितल्याशिवाय ठरवायचं नाही. बंदराच्या तोंडावरची बत्ती वाट दाखवते, खडकावरची बत्ती "मी इथे आहे" एवढंच सांगते आणि पुढचं तुम्ही ठरवायचं असतं. अंधारात थकलेला माणूस उजेड दिसला की नकळत त्याच्याकडेच सुकाणू धरतो, हे खरंच होतं, त्यामुळे पहाऱ्यावरच्या नवीन माणसाला हे आधी सांगून ठेवायला लागतं.

खडक छोटा असेल आणि त्याच्या चारी बाजूंनी जायला सुरक्षित पाणी असेल तर त्यासाठी वेगळी खूणच आहे: काळा खांब, त्यावर लाल आडवे पट्टे, डोक्यावर एकावर एक दोन काळे गोळे, आणि रात्री पांढऱ्या उजेडाच्या दोन-दोन चमका. गोळे दोन, चमका पण दोन, असं लक्षात ठेवलं की विसरायला होत नाही. सगळे खडक असे रंगवलेले नसतात, पण दिसला तर अर्थ हाच.

एका रात्रीत चार-पाच बत्त्या दिसतात, कुठली कुणाची कसं कळणार?

तालावरून. रंगापेक्षा, प्रखरतेपेक्षा तालच महत्त्वाचा. एका भागातल्या बत्त्यांना मुद्दाम वेगवेगळे ताल दिलेले असतात.

फ्लॅशिंग म्हणजे काळोख जास्त, उजेड कमी, चमकून गेल्यासारखा. ऑकल्टिंग याच्या उलट, बत्ती बराच वेळ चालू आणि मधेच डोळा मिटल्यासारखी बंद. आयसोफेजमध्ये उजेड आणि काळोख सारखाच वेळ. क्विक म्हणजे भराभर, मिनिटाला पन्नास-साठ चमका. मग गट असतात, दोन चमका आणि मोठी विश्रांती, तीन चमका आणि विश्रांती, असं. एक पूर्ण फेरा सुरू झाल्यापासून परत तोच फेरा सुरू होईपर्यंतच्या वेळाला पिरियड म्हणतात आणि मोजायचा असतो तो हाच.

अमेरिकेत बोस्टनजवळ मिनॉट्स लेज म्हणून खडक आहे, त्याच्या बत्तीचा ताल १८९४ पासून एक-चार-तीन असा आहे. इंग्रजीतल्या "आय लव्ह यू"मधल्या अक्षरांची संख्या पण तीच, म्हणून तिथले लोक तिला त्याच नावाने ओळखतात. त्याच खडकावरची आधीची लोखंडी पायांची बत्ती १८५१ च्या वादळात पडली आणि आत ड्युटीवर असलेले दोघं मदतनीस गेले. आजचा दगडी मनोरा १८६० चा.

ताल मोजायचा कसा? माझं दरवेळी वेगळंच येतं.

छोट्या बोटीतून मोजत असाल तर येणारच, कारण तुम्ही लाटेच्या खळग्यात असता तेव्हा चमक होऊन जाते आणि तुम्हाला दिसतच नाही. माझ्या सुरुवातीच्या एका रात्री असंच झालं होतं, दोन चमकांच्या बत्तीची एकच चमक दिसत होती आणि नकाशावर एका चमकेची दुसरी बत्ती पण जवळपासच होती, म्हणजे चुकून तीच समजायला अगदी सोपी. बरोबरच्या जाणत्या माणसाने घड्याळ हातात दिलं आणि म्हणाला, "पाच फेरे मोज, मग बोल." पहिल्या फेऱ्यात एक, दुसऱ्यात एक, तिसऱ्याला बोट लाटेच्या माथ्यावर होती तेव्हा स्पष्ट दोन दिसल्या. त्यानंतर एका फेऱ्यावर विश्वास ठेवून मी कधी नाव घेतलं नाही.

तर, स्टॉपवॉच वापरा, मनात मोजू नका, कारण घाबरलेलं मन भराभर मोजतं. निदान तीन फेरे मोजा, आणि उभं राहून मोजा. आणखी एक, आधी मोजा आणि मग नकाशा उघडा. नकाशा आधी बघितला की डोळे तेच शोधत बसतात जे मनाने ठरवलंय.

नकाशावर बत्तीच्या शेजारी ती अक्षरं आणि आकडे असतात ते काय?

क्रमाने वाचायचं: आधी ताल, कंसात चमकांची संख्या, मग रंग (काहीच लिहिलं नसेल तर पांढरा), मग पिरियड सेकंदात, मग उंची, शेवटी पल्ला. लहान लिपीतला एम म्हणजे मीटर, मोठ्या लिपीतला एम म्हणजे समुद्री मैल, यात गल्लत करू नका. उंची ही मनोऱ्याची नसते, भरतीच्या पाण्यापासून दिव्याच्या मध्यापर्यंतची असते. म्हणजे ठेंगणा मनोरा उंच खडकावर असेल तर आकडा मोठा दिसेल.

एकाच बत्तीचा रंग बोट पुढे सरकली की बदलतो, ती बिघडलीय का?

नाही, ती सेक्टर बत्ती आहे. काचेचे रंगीत भाग बसवून वेगवेगळ्या दिशांना वेगळा रंग दाखवतात. बऱ्याच ठिकाणी पांढऱ्या पट्ट्यात राहिलात तर पाणी मोकळं आणि लाल दिसायला लागलं म्हणजे तुम्ही खडकाळ भागाच्या रेषेत आलात, पण प्रत्येक बत्तीचा अर्थ नकाशावर तपासायचाच. रंग बदलतो ती रेषा सुरीने कापल्यासारखी नसते, मधे थोडा वेळ धड पांढरा नाही धड लाल नाही असा उजेड दिसतो. तो दिसला तर अजून थोडं पुढे जाऊन बघू म्हणत थांबू नका, लगेच सुरक्षित बाजूला वळा.

किती लांबून दिसते?

दोन गोष्टींवर आहे, उजेडाची ताकद आणि पृथ्वीची गोलाई. गोलाईचा हिशोब सोपा आहे: बत्तीच्या उंचीचं वर्गमूळ अधिक तुमच्या डोळ्याच्या उंचीचं वर्गमूळ, दोन्ही मीटरमध्ये, बेरजेला २.०८ ने गुणायचं, उत्तर समुद्री मैलात. बत्ती २५ मीटरवर आणि डोळे ४ मीटरवर असतील तर ५ अधिक २, म्हणजे ७, गुणिले २.०८, साधारण साडेचौदा मैल, किलोमीटरमध्ये सत्तावीसच्या आसपास. तुम्ही छोट्या होडीत असाल आणि डोळे पाण्यापासून १ मीटरवर असतील तर तीच बत्ती साडेबारा मैलांवरच दिसेल.

नकाशावरचा पल्ला मात्र ताकदीचा असतो, १० मैल दृश्यता असलेल्या हवेत किती लांब दिसेल तो. धुकं, पाऊस, धूळ असली की तो आकडा विसरा.

यातला एक उपयोगी भाग सांगायचा तर, बत्ती क्षितिजावर नुकती उगवते तेव्हा उभं राहिलं की दिसते आणि बसलं की बुडते. हे उठणं-बसणं करून बघितलं आणि ती खरोखर क्षितिजावर आहे हे पक्कं झालं की वरच्या हिशोबाने अंतर मिळतं, आणि होकायंत्राने दिशा घेतली की तुम्ही कुठे आहात ते नकाशावर मांडता येतं. एक बत्ती, एक घड्याळ, एक होकायंत्र, बस. त्याच्याही आधी स्वच्छ रात्री क्षितिजाच्या वर नुसती झळाळी फिरताना दिसते, बत्ती अजून खालीच असते. पहाटे तीन वाजता ती झळाळी दिसली की काय बरं वाटतं ते पहारा केलेल्यालाच कळेल.

एवढा लांब उजेड म्हणजे आत बल्ब केवढा असेल!

छोटाच असतो. करामत भिंगाची. फ्रान्सचे ओग्युस्तँ फ्रेनेल यांनी जाड भिंगाऐवजी काचेच्या कड्यांची रचना केली, प्रत्येक कडं उजेड थोडा वाकवून एकाच पट्ट्यात आणतं. ते भिंग पहिल्यांदा १८२३ मध्ये फ्रान्समधल्याच कोर्दुआं दीपगृहात बसलं. त्याआधी काय होतं बघा, इंग्लंडमधल्या एडीस्टोन खडकावर १७५९ मध्ये जॉन स्मीटन यांनी बांधलेल्या मनोऱ्यात २४ मेणबत्त्या होत्या! मोठी भिंगं काही टन वजनाची, ती पाऱ्याच्या हौदात तरंगत ठेवायचे म्हणजे घर्षण जवळजवळ नाहीच, बोटाने ढकललं तरी फिरायची. पारा विषारी, म्हणून आता तो काढून टाकताहेत, आणि नवीन ठिकाणी एलईडीच असतात.

वीज कुठून येते?

बहुतेक ठिकाणी सोलर पॅनल आणि बॅटऱ्या, संध्याकाळ झाली की सेन्सर आपोआप चालू करतो. आपोआप चालू-बंद होण्याची सुरुवात सोलर पॅनलच्याही आधीची आहे. स्वीडनच्या गुस्ताफ डालेन यांनी अॅसिटिलीन वायूवर चालणाऱ्या बत्तीसाठी एक झडप केली, सूर्य उगवला की धातूची काळी कांडी तापून किंचित वाढते आणि वायू बंद, अंधार पडला की चालू. माणूस नको, तार नको, आणि दिवसाचा वायू वाचला. १९१२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना यासाठीच मिळालं. त्याच वर्षी वायूच्या स्फोटात त्यांचे डोळे गेले आणि तरी ते पुढे पंचवीस वर्षं कंपनी चालवत राहिले. आज कुठल्याही ओसाड खडकावर बत्ती स्वतःहून पेटते त्याच्या मुळाशी ती झडप आहे.

जिथे उभं राहायला जागा नाही तिथे बांधतात तरी कसं?

एडीस्टोनचीच गोष्ट घ्या. पहिला मनोरा १६९८ मध्ये हेन्री विन्स्टन्ली यांनी बांधला, १७०३ च्या मोठ्या वादळात तो गेला, आणि त्या रात्री ते स्वतः आतच होते. दुसरा लाकडाचा, तो १७५५ ला जळाला. मग स्मीटन आले. त्यांनी दगड नुसते एकावर एक रचले नाहीत, सुतार खाच पाडून लाकूड लाकडात बसवतो तसे प्रत्येक दगड शेजारच्यात अडकवले, आणि पाण्याखालीसुद्धा घट्ट होणारा चुना वापरला. आकार ओक झाडाच्या बुंध्यासारखा, खाली रुंद, वर निमुळता. हा मनोरा शंभर वर्षांहून जास्त टिकला, पण त्याच्याखालचा खडकच झिजायला लागला म्हणून १८८२ मध्ये शेजारी नवीन बांधून तो उतरवला. जुन्याचा वरचा भाग आजही प्लिमथला उभा आहे, खडकावर त्याचा बुंधा राहिलाय.

स्कॉटलंडचा बेल रॉक तर भरतीला पूर्ण बुडतो. १८०७ ला काम सुरू झालं तेव्हा ओहोटीच्या वेळी मिळतील तेवढे एक-दोन तास छिन्नी मारायची आणि पाणी चढलं की होडीत बसायचं. पुढे कामगारांना राहायला खडकावरच लाकडी पायांचं घर उभं केलं. १ फेब्रुवारी १८११ ला बत्ती पेटली, आणि तोच दगडी मनोरा अजून तिथेच आहे.

आता नवीन ठिकाणी लोखंडी सांगाडा किंवा फायबरची केबिन हेलिकॉप्टरने नेतात आणि बोल्टने बसवतात, काही जुन्या मनोऱ्यांच्या डोक्यावर हेलिकॉप्टर उतरायला जागा केलीय.

तिथे राहणाऱ्या माणसांचं काय? ती तिघं गायब झाली ती गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेला फ्लॅनन बेटांवर डिसेंबर १९०० मध्ये तीन रखवालदार नाहीसे झाले, २६ डिसेंबरला बोट पोचली तेव्हा कोणीच नव्हतं. पण टेबलावर अर्धवट जेवण आणि उलटलेली खुर्ची वगैरे जे सांगतात ते नंतरच्या एका कवितेतून आलंय, स्वयंपाकघर आवरलेलं होतं. पश्चिमेच्या धक्क्याजवळ ३० मीटरहून उंच जागेवरची पेटी लाटांनी फोडली होती, कठडे वाकले होते, आणि एकाचा पावसाळी कोट घरातच राहिला होता. बहुतेक दोघं दोर-सामान वाचवायला खाली गेले, लाट आली, तिसरा तसाच धावला. भुताखेतांच्या गोष्टी सांगताना या तिघांचं काम किती धोक्याचं होतं ते बाजूलाच पडतं, ते मला पटत नाही.

हे बेट की खडक? आणि एवढ्याशा दगडासाठी देश का भांडतात?

समुद्र कायद्याच्या १९८२ च्या करारात आहे ते. नैसर्गिक असावं, चारी बाजूंनी पाणी आणि भरतीला पण वर दिसावं, तर ते बेट. पण जिथे माणसाची वस्ती किंवा स्वतःचं आर्थिक जीवन टिकू शकत नाही अशा खडकाला १२ मैलांचा प्रादेशिक समुद्र मिळतो, २०० मैलांचं आर्थिक क्षेत्र मिळत नाही. बत्ती बांधली म्हणून खडकाचं बेट होत नाही. पण गंमत म्हणजे फक्त ओहोटीला दिसणारा उंचवटा असेल आणि त्यावर कायम पाण्याबाहेर राहणारं दीपगृह असेल तर देशाची सरळ आधाररेषा (जिथून समुद्रातली हद्द मोजतात ती रेषा) तिथून काढता येते, एरवी सहसा नाही.

ब्रिटनने १९५५ ला उत्तर अटलांटिकमधल्या रॉकॉल खडकावर झेंडा लावला, १९७२ ला बत्ती बसवली, पण १९९७ मध्ये करारात सामील होताना त्याभोवतीच्या २०० मैलांचा दावा सोडला.

पेद्रा ब्रांका माझ्या आवडीचं उदाहरण. सिंगापूरच्या सामुद्रधुनीच्या तोंडावर, साधारण १३७ मीटर लांब, सरासरी ६० मीटर रुंद, त्यावर १८५१ पासून हॉर्सबर्ग दीपगृह. सिंगापूर आणि मलेशिया दोघांचा दावा. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २३ मे २००८ ला ते सिंगापूरला दिलं आणि जवळचे मिडल रॉक्स मलेशियाला. नुसती बत्ती सांभाळणं म्हणजे मालकी असं न्यायालय म्हणालं नाही. १९५३ मध्ये जोहोरने (आता मलेशियातलं एक राज्य) पत्रात आपण मालकी सांगत नाही असं लिहून दिलं होतं, आणि त्यानंतर सिंगापूर तिथे मालकासारखं वागत आलं होतं, हे सगळं बघितलं गेलं.

आणि स्वीडन-फिनलंडमधलं मार्केट नावाचं बेट! १८८५ ला दीपगृह बांधलं ते चुकून स्वीडनच्या बाजूला. भांडण न करता १९८५ मध्ये दोघांनी सीमारेषाच नागमोडी वळवून घेतली, दीपगृह फिनलंडकडे आणि जमिनीची वाटणी आधी होती तेवढीच.

पक्ष्यांना बत्तीचा त्रास होतो का?

होतो. धुकं किंवा झिमझिम असलेल्या रात्री स्थलांतर करणारे पक्षी उजेडाभोवती घिरट्या घालून दमतात, काचेवर आपटतात. कायम जळणाऱ्या उजेडापेक्षा चमकणाऱ्याचा त्रास कमी. पण खरी हानी माणसाबरोबर येणाऱ्या प्राण्यांनी केलीय. न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावर १८९४ ला दीपगृह सुरू झालं, मांजरं आली, आणि जवळजवळ न उडणारा तिथला एक छोटा पक्षी थोड्याच काळात संपला, जगातून. म्हणून आता कामगारांच्या पेट्यासुद्धा उंदीर-बिंदीर नाही ना ते तपासून नेतात, आणि विणीच्या महिन्यांत दुरुस्तीचं काम शक्यतो टाळतात.

तिथे उतरून फोटो काढता येतील का?

परवानगी नसेल तर नको, आणि असेल तरी अनुभवी माणसाशिवाय नको. लांबून पाणी शांत दिसतं, पण लाटा खडकाच्या दोन्ही बाजूंनी वळून मागे एकमेकींवर आपटतात, त्यामुळे आडोशाच्या बाजूला पण पाणी वेडंवाकडं उसळतं. होडी एका क्षणी पायरीच्या वर, दुसऱ्या क्षणी माणूसभर खाली. उडी मारायची ती होडी सगळ्यात वर असताना, खाली जाताना मारली तर पाय होडी आणि दगडाच्या मधे येतो. जिथपर्यंत हिरवं-काळं शेवाळ आहे तिथपर्यंत भरती चढते, तिथे बूट टिकत नाही, आणि त्याखालचे पांढरे शिंपले हात कापतात. उतरणं एक वेळ जमेल, वारा फिरला तर परत चढणं जमत नाही.

जीपीएस असताना हे सगळं ठेवायचंच कशाला?

कारण जीपीएस तुमची जागा सांगतं, खडकाची नाही. खडकाची जागा नकाशावरून कळते आणि कित्येक भागांत ते सर्वेक्षण फार जुनं आहे, तिथे खडक छापलाय एकीकडे आणि आहे थोडा दुसरीकडे असं होतं. सिग्नल मुद्दाम बिघडवायचे किंवा खोटे पाठवायचे प्रकार आता बाल्टिक आणि पूर्व भूमध्य समुद्रात नेहमीचे झालेत. स्क्रीनवर खोटी जागा आली तरी ती खरी असल्यासारखीच दिसते, पण डोळ्यासमोरची बत्ती नेमून दिलेल्या तालात आणि नेमून दिलेल्या दिशेला दिसली पाहिजे, नसेल तर काहीतरी चुकतंय. काही खडकांवर रेकॉन पण असतो, तुमचं रडार त्याच्यावर पडलं की तो स्क्रीनवर मोर्सचं एक अक्षर उमटवतो, आणि एआयएसवरून (रेडिओने ओळख आणि जागा कळवणारी यंत्रणा) पण खूण दिसते. हे सगळं वापराच, फक्त बाहेर बघणं बंद करू नका.

बत्ती बंद दिसली किंवा ताल चुकतोय असं वाटलं तर?

आधी खात्री करा, मधे पावसाची सर किंवा जहाज नाही ना, सेक्टरच्या बाहेर नाही ना, पल्ल्याच्या आत आहात ना. मग वेळ, तुमची जागा, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं हे लिहून तटरक्षक दलाला किंवा जवळच्या बंदराला रेडिओवर कळवा. ते बाकीच्या जहाजांना सूचना पाठवतात आणि दुरुस्तीची बोट जाईपर्यंत ती सूचना चालू राहते. दुसऱ्या कोणीतरी कळवलंच असेल असं धरून चालू नका, त्या रात्री त्या बाजूने जाणारी बोट कदाचित तुमची एकटीच असेल.